शेवटच्या घराचा करंट

आमच्या घरात दिवा लागायचा, पण उजेड पडायचा नाही. कॉलेजात मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी काहीतरी विनोद केला. छताला साठचा बल्ब लटकलेला असायचा आणि त्याच्या आतली तार तेवढी लाल दिसायची, विडीच्या टोकासारखी. त्या लालीत माय भाकरी थापायची. भाकरी करपली हे तिला वासावरून कळायचं. पंखा लावला की त्याची पाती खाली झोपून मोजता यायची, आणि मी मोजायचे.

नरडाण्याच्या पलीकडे, शिंदखेडा तालुक्यात आमचं गाव. गावाच्या कडेला एक खळं, खळ्याच्या अलीकडे आबांचं घर, पलीकडे आमचं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे चुलतभाऊ. वडिलांना मी नाना म्हणते. नाना आणि माय दोघंही दुसऱ्यांच्या कपाशीत रोजानं जायचे. आमचा स्वतःचा तुकडा होता, पण त्यात दगड जास्त आणि कपाशी कमी. माय पहाटेच्या अंधारात उठून स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी परत अंधारातच चुलीपुढे बसायची. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करायचे, कारण आतल्या दिव्यापेक्षा बाहेरचा मावळता दिवस बरा होता.

आणि समोर, अगदी नजरेच्या टप्प्यात, औद्योगिक वसाहतीचे दिवे लखलखत असायचे. त्यांच्यासाठी ओढलेल्या मोठ्या तारा आमच्या कपाशीवरून गेलेल्या. त्यांच्याखाली उभं राहिलं की गुणगुण ऐकू यायची. म्हणजे वीज नव्हती असं नाही. आमच्या डोक्यावरून ती रोज जात होती.

मीटर दोन्ही घरांचं मिळून एकच होतं, आजोबांच्या काळापासूनचं, आबांच्या भिंतीवर. तिथून खळ्यावरून आमच्याकडे एक तार यायची, बाभळीच्या दोन खांबांवर टेकलेली. ती तार नानांनी स्वतः ओढली होती. एका लांबीची तार आणणं जमलं नाही, म्हणून मिळेल तसे तुकडे पिळून पिळून जोडलेले. थोडी तांब्याची, थोडी ॲल्युमिनियमची, आणि मधला एक तुकडा चक्क शेताच्या कुंपणाची लोखंडी तार. प्रत्येक जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. नानांना त्या तारेचा अभिमान होता. वायरमनची वाट न पाहता त्यांनी घरात दिवा आणला होता, आणि त्या काळात ते थोडं नव्हतं.

पण दिवा असा का, याचं उत्तर आमच्या घरात ठरलेलं होतं. आबा पुढे, आपण मागे. करंट आधी आबांकडे जातो, ते पोटभर पितात, उरलंसुरलं आपल्याला. याला पुरावाही होता. आबांनी घरघंटी आणली, म्हणजे घरातल्या घरात पीठ दळायचं ते विजेचं यंत्र. ती सुरू झाली की आमचा आधीच मेलेला दिवा आणखी खाली बसायचा. ती थांबली की परत थोडा वर यायचा. डोळ्यांनी दिसत होतं, मग आणखी काय हवं? बरीच वर्षं हा राग नानांच्या पोटात राहिला. कानबाईच्या वेळी तो बाहेर आला.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करतात. घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, भाऊबंदांचे सगळे गहू एकत्र करायचे, एकत्र दळायचे आणि रोट एकत्र बसून खायचे. बाहेरच्या कुळातल्या माणसाला त्यातला घास देत नाहीत. लेक लग्न होऊन गेली की तीही बाहेरची. कोणत्या दोन घरांचं पटत नाही हे गावाला एरवी कळत नाही, पण कोणाचे रोट वेगळे झाले हे श्रावणात बरोबर कळतं.

मी तेव्हा नववीत होते. आमचे आणि आबांचे गहू एकत्र करून माय त्यांच्या घरी घरघंटीवर दळायला गेली होती. नाना रानातून आले, हातपाय धुऊन आत वाकले आणि तेवढ्यात दिवा विझल्यासारखा झाला. ते तसेच खळं ओलांडून आबांच्या दारात गेले. मी मागे.

"आबा, आमना करंट दळी राहिनात का तुम्ही?"

आबांना आधी वाटलं थट्टा आहे. मग नानांचा चेहरा बघून तेही चढले. "तुना करंट मी काय खिशामा घालस का रे?"

पुढे जे बोलणं झालं ते करंटवरून आजोबांच्या वाटणीवर गेलं, तिथून कोणाच्या लग्नात कोण आलं नाही यावर गेलं. शेवटी नानांनी मायला सांगितलं, आपले गहू घे. घरघंटी चालू होती. माय अर्धं पीठ आणि अर्धे गहू पदरात घेऊन परत आली. उरलेले तिने जात्यावर दळले. त्या वर्षापासून आमचे रोट वेगळे झाले.

मायने यावर नानांशी वाद घातला नाही. ती मलाच बोलायची. "तू लगीन करी परकी व्हई जाशी, मंग हाऊ रोट तुले चालाव नही. तवपावत एक डाव तरी दोन्ही घरं एकजागे बसाले जोईजेत." दर श्रावणात हेच. माझ्या लग्नाआधी एकदा तरी दोन्ही घरं एकत्र बसावीत, एवढंच तिला हवं होतं, आणि मध्ये आडवा होता करंट.

दहावीत विज्ञानाच्या पुस्तकात करंटचा धडा आला तेव्हा मी त्याची वाट पाहत होते असं म्हटलं तरी चालेल. विद्युतधारा, विभवांतर, रोध. आमचं हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात होतं. तिथे प्रयोगशाळा नावाची खोली होती आणि तिच्यात एक काचेचं कपाट होतं. काचेतून आतली उपकरणं दिसायची: धारा मोजायचा ॲमीटर, विभवांतर मोजायचा व्होल्टमीटर, दोन्ही अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत. कपाटाला कुलूप. किल्ली कुठे असते हे मी सरांना विचारलं तर म्हणाले, पोरं मोडतात.

ओहमचा नियम आम्ही असा शिकलो. सरांनी फळ्यावर दोन रकाने केले, एकात विभवांतर लिहिलं, दुसऱ्यात धारा. आकडे आधीच ठरलेले. आम्ही ते प्रयोगवहीत उतरवले, आलेखाच्या कागदावर ठिपके दिले, पट्टी ठेवली आणि रेष ओढली. एकूण एक ठिपका रेषेवर. वर्गातल्या सगळ्यांच्या तारा एकाच स्वभावाच्या निघाल्या. खाली "निरीक्षण" म्हणून लिहिलं, आणि निरीक्षण एकानेही केलेलं नव्हतं. प्रात्यक्षिकाचे गुण मात्र सगळ्यांना पूर्ण. मुलांच्या हातात बल्ब आणि सेल न देता त्यांना गुण देऊन टाकणं, याला लोक दयाळूपणा समजतात. मी याला चोरी म्हणते. आमच्याकडून काय चोरलं गेलं हे आम्हाला कळूही नये, याची त्यात सोय होती.

त्याच धड्याच्या वेळी मी उभी राहून विचारलं. सर, वस्तीतल्या पहिल्या घराने जास्त करंट वापरला तर शेवटच्या घराला कमी उरतो का? मला खरंच हवं होतं ते उत्तर. सरांनी एक क्षणही विचार केला नाही. म्हणाले, पाटाचं पाणी बघितलंय ना? वरचे शेतकरी घेतात, खालच्याला काय राहतं? तसंच ते. आणि हे परीक्षेला येत नाही, तू व्याख्या पाठ कर.

घरी नानांनी विचारलं, आज काय शिकवलं. मी सांगितलं. पाटाच्या शेवटाला शेत असणं म्हणजे काय हे नानांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. उन्हाळ्यात वरच्यांची केळी हिरवी आणि आमचा पाट कोरडा, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर सगळ्यांना सांगितलं की शाळेतल्या सरांनीच सांगितलंय, पुढचा माणूस करंट पितो. जो संशय होता तो आता शास्त्र झाला. आबा समोरून आले तर नाना रस्ता बदलायला लागले.

याच शाळेने पुढे माझा सत्कार केला, ते इथेच सांगून टाकते. गावातली पहिली बी.एस्सी. मुलगी म्हणून शाल, नारळ, आणि सरांचं भाषण, की आमच्या हातून घडलेली विद्यार्थिनी. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, त्या कपाटाची किल्ली द्या, दोन शब्द मी मुलांना प्रयोगशाळेत सांगते. टाळ्या थांबल्या. किल्ली सापडली नाही. एका शिपायाने कुलूप तोडलं. आत ठेवलेले सेल फुटून त्यांचा पांढरा रस मीटरच्या पेट्यांवर सुकलेला होता. प्लास्टिकच्या पिशव्या तशाच. एकाही मुलाच्या हाताचा ठसा नसलेली ती उपकरणं जागच्या जागी म्हातारी होऊन मेली होती. मोडू नयेत म्हणून जपली होती ना? जपून मारली. सर हळूच म्हणाले, आता चार माणसांत कशाला. मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि निघाले. लोक म्हणाले, शिकली पण वळण नाही. म्हणोत.

पण हे नंतरचं. बारावीनंतर मी जळगावला आले. घरातल्या कोणीच कॉलेजची पायरी चढलेली नव्हती, त्यामुळे प्रवेशाच्या रांगेत माझ्याबरोबर नाना उभे राहिले, आणि खिडकीतल्या माणसाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघत राहिले. शनिवारच्या पॅसेंजरने अमळनेरवरून नरडाणा, सोमवारी परत. मुलींचं वसतिगृह. तिथला दिवा पहिल्या संध्याकाळी लावला तेव्हा मला डोळे बारीक करावे लागले. खोलीतली मुलगी म्हणाली, बंद करू का, त्रास होतोय? मी म्हणाले, नको, राहू दे.

भौतिकशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मॅडमनी प्रत्येकीच्या पुढ्यात सेल, छोटा बल्ब, तारा आणि ॲमीटर ठेवला आणि म्हणाल्या, जोडा. बस, एवढंच. चुकीचं जोडलं तर काय, असं एकीने विचारलं. त्या म्हणाल्या, चुकीचं दिसेल.

मी ॲमीटर बल्बच्या आधी लावला. काटा एका जागी थांबला. मग काढला आणि बल्बच्या नंतर लावला. बल्ब जळतोय, उजेड देतोय, म्हणजे त्याने काहीतरी खाल्लंच असणार, काटा खाली येणार, हे मला पक्कं माहीत होतं. काटा त्याच जागी थांबला. मी परत आधी लावला, परत नंतर. जागा बदलली, तारा बदलल्या, शेजारणीचा ॲमीटर मागून घेतला. जेवढी धारा बल्बमध्ये शिरत होती तेवढीच बाहेर येत होती. बल्ब धारा खात नव्हता. धारा ज्या जोराने ढकलली जाते तो जोर, म्हणजे विभवांतर, तिथे खर्ची पडत होता.

शेजारची मुलगी म्हणाली, अगं, आलं ना उत्तर, वहीत लिही की. मी लिहू शकत नव्हते. आमच्या शाळेतही असाच ॲमीटर होता. काचेच्या मागे, माझ्यापासून एका हातावर. एक बल्ब, एक सेल, पाच मिनिटं. तेवढ्यात मिटलं असतं. त्याऐवजी माझी माय पदरात अर्धे गहू घेऊन खळं ओलांडत आली, आणि दोन भाऊ एकमेकांची सावली चुकवायला लागले. मॅडमनी विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं, वर्गासमोरच. हसायला लागलेल्या दोघीतिघी मध्येच थांबल्या. मॅडमनी वायरमन लोक वापरतात तसं चिमट्याचं मीटर मला नेऊ दिलं. तार कापायची गरज नाही, एका तारेभोवती चिमटा मिटायचा, आतून किती धारा जाते ते दिसतं. त्यालाच दोन दांड्या लावून विभवांतरही मोजता येतं. त्यांनी एकच अट घातली, जिवंत तारेला मी हात लावायचा नाही, वायरमन बोलवायचा.

कानबाईच्या आदल्या शनिवारी दुपारी मी गावात वायरमनला घेऊन गेले. आबांना खळ्यात या म्हणून सांगितलं. नाना यायला तयार नव्हते. म्हणाले, करंट म्हणजे काय शेंगा आहेत मोजायला? माय दारात उभी राहून फक्त त्यांच्याकडे बघत राहिली. मग आले. आबांच्या बाजूला तोंड न करता उभे राहिले.

आमच्या घरातला दिवा आणि पंखा लावला. वायरमनने आबांच्या भिंतीपाशी, जिथून आमची तार निघते, तिथे चिमटा लावला. नानांना वाचायला लावलं, आकडे त्यांना येतात. मग आमच्या भिंतीपाशी लावला. तोच आकडा.

"परत," नाना म्हणाले.

परत लावला. तोच.

"म्हणजे नाना, आबांच्या भिंतीवरून जेवढा करंट निघतो तेवढाच आपल्या भिंतीला पोचतो," मी म्हणाले. "वाटेत कोणी पीत नाही."

नाना म्हणाले, मग उजेड कुठे जातो. प्रश्न बरोबर होता. आता विभवांतर मोजलं. आबांच्या भिंतीवर दोनशेच्या वर, आमच्या भिंतीवर शंभराच्याही खाली. नानांची मान लगेच वर झाली, हे बघ, कमी आहे ना. मी म्हणाले थांबा. आमच्या घरातला दिवा बंद, पंखा बंद, आणि आबांना सांगितलं घरघंटी लावा. ती घरघरायला लागली. आता परत दोन्हीकडे मोजलं. दोन्हीकडे जवळजवळ सारखं. आमच्या भिंतीवरसुद्धा दोनशेच्या वर.

नाना मीटरकडे बघत राहिले. "आते कसं काय भरनं?"

कपाशीला ठिबक नानांनीच अंथरलं होतं, दुसऱ्याच्या शेतात का होईना, म्हणून मी तेच उदाहरण दिलं. ठिबकच्या नळीत मध्ये माती अडकली की पाणी जेवढं शिरतं तेवढंच निघतं, पण जोर त्या मातीशी भांडण्यात जातो. पुढे पाणी रडतरडत येतं. पाणी बंद असलं तर माती असो नसो, भांडण नाही. आपल्या तारेतले जोड म्हणजे ती माती. त्याला रोध म्हणतात. आपण दिवा लावला की आपलाच करंट त्या जोडांतून जाताना जोर हरवतो. घरघंटीचं म्हणाल, तर पोलापासून मीटरपर्यंतची तार जुनी आहे आणि ती दोघांची. घरघंटी लागली की तिथे थोडा जोर जातो, तेव्हा आबांचाही दिवा बसतो. पण त्यांच्या उजेडात ते दिसत नाही, आपल्या अंधारात दिसतं.

वायरमनने मेन स्विच पाडला, खांबावरून तार खाली घेतली. कुंपणाच्या तुकड्याचा जोड नानांनी हातात धरला. अजून गरम होता. सायकलची ट्यूब वितळून तारेला चिकटलेली, आतली तार काळी. नानांनी ट्यूब सोलली. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"ही गाठ मन्हीच शे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मंग तुना सर पाटनं काय सांगे?"

"त्यांनी मोजलं नव्हतं, नाना."

मला नानांचा राग आला नाही, तेव्हाही नाही, आताही नाही. मिळेल त्या तुकड्यांतून त्यांनी आपल्या घरात दिवा आणला. गाठ कशी तापते हे सांगायचं काम ज्यांचं होतं, ज्यांना त्याचा पगार मिळत होता, त्यांनी पाटाची गोष्ट सांगितली. आबा पोटावरून हात फिरवत म्हणाले, "इतला वरीस मी तुना करंट पिना, तरी मनं पोट काही वाढनं नही."

माय दारातून हसली. तिला हसताना बघून नाना हसले. मग जरा रडलेही, पण ते त्यांनी घाम पुसल्यासारखं केलं.

त्याच संध्याकाळी आबा आणि नाना नरडाण्याला जाऊन जाड तांब्याची अखंड तार घेऊन आले. रविवारी सकाळी वायरमनने ती ओढली. मध्ये एकही जोड नाही. मग दोन्ही घरांचे गहू एका परातीत ओतले गेले आणि माय ते आबांच्या घरघंटीवर घेऊन गेली. घरघंटी चालू असताना नाना मुद्दाम आमच्या घरात जाऊन दिव्याखाली बसले. दिवा किंचित हलला आणि तसाच राहिला. भिंतींवर इतका धूर बसला आहे हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मायला त्याची लाजच वाटली. दुसऱ्या आठवड्यात तिने चुना लावला.

रोट आम्ही आबांच्या ओसरीत बसून खाल्ले. माय मोठ्या काकूंच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, शेजारी बसली होती.

आता माझं लग्न झालं आहे, त्यामुळे तो रोट मला चालत नाही. त्या वर्षापासून लग्नापर्यंत मात्र मी तो दोन्ही घरांबरोबर खाल्ला, दर श्रावणात. आज मी धुळ्याजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप नाही. दहावीचा प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी ॲमीटर स्वतःच्या हाताने बल्बच्या आधी आणि नंतर लावते, आणि वहीत फक्त स्वतः पाहिलेला आकडा लिहिते.